रबरानं बांधलेला पंख

"हात धुवायला म्हणून गेला आणि नळ दुरुस्त करून आला की हो हा गडी!"

आदगोंडा चौगुले एवढं बोलले आणि पोटावर हात ठेवून हसत सुटले. मी दारात उभा. बाही कोपरापर्यंत ओली, आणि शर्टाच्या खिशातून बारका पाना डोकावतोय. समोर सोफ्यावर माझी आई बसली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आम्ही जयसिंगपूरला मुलगी बघायला आलो होतो. इचलकरंजीहून येताना बसमध्ये आईनं मला बजावून ठेवलं होतं, "भरतेश, तिथं कशाला हात लावायचा न्हाई. खुर्ची हलू दे, दार कुरकुरू दे, छप्पर खाली येऊ दे. तू आपला गप बसायचं." मी "होय" म्हटलं होतं आणि मनापासून म्हटलं होतं. पण त्यांच्या मोरीतला नळ टिपटिप गळत होता. त्याला मी काय करणार?

आता माझा धंदाच तसला. आमच्याकडं यंत्रमागाला नुसतं माग म्हणतात आणि तो दुरुस्त करणाऱ्याला जॉबर. मी जॉबर. माग दिवसभर थरथरतो, त्याचा एकेक नट आपोआप ढिला होत जातो आणि मी तो आवळत जातो. हयात त्यातच चाललेली. माग बंद झाला म्हणून हात कुठं थांबतात? दुकानात गेलो की मी तराजूचा खिळा बघायचो, बसमध्ये बसलो की समोरच्या सीटचा बोल्ट. घरी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला मी झाकण लावलं की आई ती उघडून आणायला शेजारच्या पैलवानाकडं जायची. गल्लीत मला 'पक्क्या' म्हणत. पक्क्यानं आवळलेलं कुणाच्या बापाला सुटत नाही, अशी माझी कीर्ती होती. सगळं पक्कं होत होतं, फक्त माझं लग्न तेवढं होत नव्हतं. वय तिशी ओलांडून पुढं सरकलं होतं आणि आई देवळात बायकांच्या चौकशा ऐकून आली की माझ्याशी बोलायची नाही.

"चहा घ्या, चहा घ्या," आदगोंडा काका डोळे पुसत म्हणाले. "महिना झाला तो नळ गळत होता. आमच्या घरात कुणाला सवड न्हाई. माग बघायचे का नळ?"

"तुमचे माग जुने का हो? लूज रीडचे, सैल फणीचे?" मी लगेच विचारलं. मुलगी बघायला आलोय हे विसरून मी तिच्या बापाच्या मागांची चौकशी सुरू केली.

"होय की. वडिलांच्या वेळचे. अजून खणखणीत चालतात."

आईनं खोकल्यासारखं केलं. त्या खोकल्याचा अर्थ मला पाठ होता. मी गप्प बसलो आणि बिनकांद्याच्या पोह्यांवर लक्ष दिलं.

मुलगी आली. त्रिशला. शाळेत विज्ञान शिकवायची. पदर डोक्यावर वगैरे काही नाही, साधी कॉटनची साडी, हातात ट्रे. तिनं ट्रे ठेवला आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "नळ आता उघडेल ना? का कायमचाच बंद?"

आदगोंडा काका पुन्हा हसत सुटले. मी "उघडेल, उघडेल," म्हणालो खरा, पण माझी मलाच खात्री नव्हती. नंतर कळलं, तो नळ उघडायला त्यांना पक्कड लागली.

मग रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, "जरा बोला" म्हणून. मी बसमध्ये येताना बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. आवड काय, पुढं नोकरी करणार का, देवळात रोज जाता का. पण गच्चीवर पाय ठेवला आणि सगळं डोक्यातून उडालं. कारण तिथं बाजेवर एक विमान पडलेलं होतं.

खेळण्यातलं म्हणावं, तर माझ्या दोन हातांत मावलं नसतं. पांढऱ्या हलक्या फोमचं अंग, नाकात मोटर आणि पंखा, आणि पाठीवर एक लांबच्या लांब पंख. नाक चेपलेलं, शेपूट कलतं. शेजारी रिमोट.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझं," ती म्हणाली. "कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होते, तिथं नाद लागला. दर रविवारी माळावर उडवते. मागच्या रविवारी उसात पडलं."

मी विमान उचललं. देवा रे! त्याच्यात सैल नाही असं काही नव्हतंच. मोटर धरून हलवली तर दातासारखी हलली. शेपटीच्या मागच्या पट्टीला हलवणारी तार ज्या प्लास्टिकच्या शिंगात अडकते, ते शिंग फोममध्ये लुटलुटत होतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि ती माझ्यासमोर उभी राहून काहीतरी महत्त्वाचं सांगत होती.

"एक स्पष्टच सांगते. तुमच्याबद्दल मला वाईट काही वाटलं नाही. पण एवढ्यात मी होय म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मला जरा वेळ पाहिजे. चार वेळा भेटू, बोलू, माणूस कळू दे. चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो. "पण हे असलं सैल उडतंय कसं?"

तिनं विमानाकडं आणि माझ्याकडं बघितलं. मग हसली. "ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"होय. वेळ पाहिजे." मी शिंग हलवून बघत होतो. "हे मी करून देऊ? नेऊ घरी?"

"जमेल?"

जमेल का म्हणे! इचलकरंजीतल्या पक्क्याला विचारते, जमेल का! मी छाती फुगवून म्हणालो, "पुढच्या रविवारी घेऊन येतो. मग उडवा."

"मोटर आणि शेपटीचं शिंग," ती बोट दाखवून म्हणाली. "तेवढंच बघा. बाकीचं असू दे."

बाकीचं असू दे, हे ती अगदी स्पष्ट म्हणाली होती. माझ्या दोन्ही कानांनी ते ऐकलं होतं. पण कान आणि हात यांचं माझ्यात कधी बोलणंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते विमान माझ्या मांडीवर, रिमोट पिशवीत, आणि आई खिडकीशी.

"काय म्हणाली पोरगी?"

"तिला वेळ पाहिजे."

"म्हंजे न्हाई म्हणाली."

"नाही म्हणाली नाही. होय पण म्हणाली नाही."

"मग मधीच लोंबकळत ठेवलं व्हय तुला? असलं सैल काय कामाचं न्हाई बाबा. पक्कं करून टाक."

आई बोलली ते माझ्या मनातलंच बोलली. मुलगी मला आवडली होती. काय सांगू, फार आवडली होती. नळावरून मला टोमणा मारणारी ती पहिलीच. याआधीच्या घरांत नुसतं गप्प बसून नंतर नकार कळवायचे. आणि ही हातची जाईल, अशी भीती मला वाटत होती. बस तमदलगे ओलांडून गेली तोवर माझा बेत ठरला. विमान असं करून द्यायचं, की तिनं बघत राहावं. विमान पक्कं झालं की लग्न पक्कं. दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेनं विचार करायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

सोमवारपासून मी कामाला लागलो. मागांची कामं पुढं ढकलली. गिऱ्हाइकं बोंबलत राहिली.

आता हे मात्र मी खरं सांगतो, सांगितलेली दोन कामं मी झकास केली. आधी टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या तुकड्यावर झटपट चिकटणारा गोंद लावून बघितला. थर्माकोल चर्रकन विरघळला आणि त्यात भोक पडलं. बरं झालं विमानावर नाही लावला. मग दोन नळ्यांतला कालवून लावायचा गोंद आणला. मोटर ज्या लाकडी तुकड्यावर बसते तो तुकडा बाहेर काढला, त्याची जागा घासून साफ केली, भोकात दात कोरायच्या काड्या भरल्या, गोंद घातला आणि तुकडा परत बसवला. शेपटीचं शिंग काढून दोन्ही बाजूंनी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाचे तुकडे लावले, म्हणजे स्क्रूला फोममध्ये नव्हे तर प्लास्टिकमध्ये पकड मिळेल. पंख बाजूला करून बॅटरी लावली आणि मोटर फिरवून बघितली. जराही थरथर नाही. शिंग जागचं हलत नव्हतं. बॅटरीची वायर सोडवली आणि बॅटरी तिच्या जागी, विमानाच्या पोटात, पट्टीनं आवळून ठेवली आणि पंख होता तसा परत बांधला.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती.

पण मी पंखाकडं बघितलं. तो लांबलचक पंख विमानाच्या पाठीवर नुसता ठेवलेला होता आणि वरून रबरांनी बांधलेला. रबर! दुधाच्या पिशवीला लावतात तसली रबरं! धरून जरा ढकलला तर पंख जागचा सरकायचा. मला वाटलं, बिचारीला पक्कं करता आलं नसणार, म्हणून तात्पुरतं बांधून ठेवलंय. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू रबरानं बांधलेली परत जाणार? लोक काय म्हणतील? कुठले लोक, ते विचारू नका. माळावर कोण लोक असणार होते?

मी रबरं सोडली. पंखाखाली चारी कडांनी गोंद भरला, पंख बसवला, वर विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सांधा घासला, भेगा बुजवल्या, पांढरा रंग मारला. पंख आणि अंग एकजीव झालं. कुठं जोडलंय ते सापडायचं नाही. मी ते विमान पंखाला धरून उचललं, हलवलं, अगदी झटकलं. काही म्हणजे काही हललं नाही.

आई चष्मा लावून बघायला आली. "तिनं सांगितलं व्हतं व्हय हे सगळं करायला?"

"सांगायला कशाला लागतंय? न सांगता करावं त्यालाच किंमत."

"मग आता फोन लाव त्यास्नी. याद्या कधी करायच्या ते विचार. गरम तव्यावर असताना भाकरी उलटावी."

आणि मी फोन लावला. आमच्याकडं याद्या झाल्या की लग्न ठरलं. दोन्ही घरची माणसं बसतात, काय द्यायचं-घ्यायचं ते ठरवतात, साखर वाटतात. तिकडून आवाज आला, "कोण?"

"मामा, मी भरतेश."

तोंडातून निघून गेलं. आमच्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात. आणि अजून तर कशाचा पत्ता नव्हता. मग आदगोंडा काकांचा आवाज, हसू दाबलेला, "काका म्हणा की अजून. मामा व्हायला वेळ आहे."

माझे कान तापले. तशातही मी घोडं पुढं दामटलं. "आई म्हणत होती, पुढच्या पंधरवड्यात याद्या उरकून घेतल्या तर…"

"त्रिशलाला विचारतो," ते म्हणाले. फोन ठेवताना मला वाटलं, झालं, निम्मं काम उरकलं.

रविवारी सकाळी उदगाव रस्त्याच्या पलीकडच्या माळावर आम्ही भेटलो. एका बाजूला ऊस, मधे सपाट मोकळी जागा, कडेला बांध. आदगोंडा काका झाडाखाली सतरंजी टाकून बसले होते. आई आली नव्हती, पण तिनं सांगून ठेवलं होतं की जरा वेळानं फोन करते. मी चादरीत गुंडाळलेलं विमान काढलं आणि रिमोटसकट त्रिशलाच्या हातात दिलं.

तिनं मोटर हलवून बघितली. हलली नाही. चेहरा खुलला. शिंग हलवून बघितलं, मागच्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "आइस्क्रीमचा डबा?" तिनं विचारलं. "काय डोकं आहे हो!" मी हवेत. मग तिनं पंखाला हात घातला आणि थांबली. ओढून बघितला. उलटा करून बघितला. सांध्यावरून नख फिरवलं.

"रबरं कुठायत?"

"आता गरज नाही," मी हसून म्हणालो. "पक्का केलाय."

"बॅटरी?"

"आत आहे. पट्टीनं आवळून ठेवलीय. हलणार नाही."

"भरतेश," ती अगदी सावकाश म्हणाली, वर्गातल्या मठ्ठ पोराला समजवावं तसं, "बॅटरी पंखाखालून आत घालतात. पंख काढून. मग आता ती जोडायची कशी?"

मी विमानाकडं बघितलं. पोटाकडून बघितलं. नाकाकडून बघितलं. जोडायची वायर आत, बॅटरी आत, आणि आत जायच्या एकमेव वाटेवर मी चार कडांनी गोंद भरून वर पांढरा रंग मारलेला. झाडाखालून काकांच्या हसण्याचा आवाज आला. तो जो सुरू झाला तो थांबेचना.

पण त्रिशला हसत नव्हती.

"मी काय सांगितलं होतं? मोटर आणि शिंग. बाकीचं असू दे म्हटलं होतं ना?"

"पण सैल होतं हो ते…"

"का सैल आहे, ते विचारलंत का मला? एकदा तरी? फोन तर केलात तुम्ही आमच्या घरी. याद्यांची तारीख विचारायला केलात. आप्पांना मामा म्हणालात म्हणे." तिनं विमान खाली ठेवलं. "मी वेळ पाहिजे म्हटलं, तेही तुम्हाला सैलच वाटलं असणार. लगेच आवळायला धावलात. तुम्हाला सैल काही बघवतच नाही. विमान काय आणि मी काय!"

ती चूक एवढी उघडी-नागडी माझ्यासमोर पडली होती, आणि वर तिला पांढरा रंग मी स्वतःच्या हातानं दिला होता. मला कळून चुकलं, गेली. ही मुलगी गेली. घरी जाऊन आईला काय सांगायचं? आणि आईचं सोडा, मला स्वतःलाच काय सांगायचं?

"आप्पा," ती वळून म्हणाली, "मला वाटतं आपण ह्यांना आजच…"

"ए बाई, थांब," काका उठून आले. "आधी विमान तर उडव. त्याच्यावर कशाला राग? भरतेश, पिशवीत काय असेल तर बघा. हे फोडावं लागणार."

माझ्या पिशवीत करवतीचं पातं होतं. ते असणारच. मी तिथं मातीत मांडी घालून बसलो आणि आठवडाभर जे जोडलं ते स्वतःच कापायला लागलो. घासायला लागलो की फोमचा पांढरा भुगा उडायचा आणि माझ्या नाकात जायचा. मी शिंकायचो आणि पातं वाकडं जायचं. सांधा असा काही पक्का होता, की मला मधेच त्याचा अभिमान वाटायचा आणि लगेच लाज वाटायची. त्रिशला शेजारी उकिडवी बसून विमान धरून होती. शेवटी पंख सुटला, खालची कड ओबडधोबड, कुत्र्यानं चावल्यासारखी. तिनं बॅटरी जोडली, पंख पाठीवर ठेवला आणि पिशवीतून नवी रबरं काढून आडवीतिडवी ताणून लावली.

मोटर गुरगुरली. तिनं विमान हातानं भिरकावलं आणि ते गेलं की हो वर! उसाच्या वरून, झाडाच्या वरून, गोल वळण घेऊन परत. माझी मोटर थरथरत नव्हती, माझं शिंग ऐकत होतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तिचा चेहरा वर होता आणि त्यावरचा राग कुठं गेला होता, देव जाणे.

"घ्या," तिनं रिमोट माझ्या हातात दिला.

"मी? नको!"

"घ्या म्हणते ना. हळूच. डावी-उजवी ह्या काडीनं. आणि एक ध्यानात ठेवा, आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं."

"होय, होय," मी म्हणालो. मी सगळ्याला होयच म्हणायचो.

विमान लांब गेलं, वळलं आणि आमच्याकडं यायला लागलं. मला ते उजवीकडं न्यायचं होतं. मी काडी उजवीकडं दाबली. ते डावीकडं गेलं. मी आणखी उजवीकडं दाबली. ते आणखी डावीकडं गेलं. "सोडा!" त्रिशला ओरडली, "काडी सोडा!" पण मी ती आवळून धरली. आवळणं एवढंच मला येत होतं. विमान नाक खाली करून सरळ बांधावर आदळलं. फाट् आवाज झाला आणि अख्खा पंख विमानापासून सुटून हवेत उडाला, गिरकी खाऊन लांब जाऊन पडला.

मी पळत सुटलो. चप्पल मागं राहिली. बांधाशी जाऊन गुडघ्यावर बसलो तर विमानाचं अंग एका बाजूला, पंख दुसऱ्या बाजूला. मला रडू आलं. तिशी ओलांडलेला बाप्या मी, भर माळावर, फोमच्या तुकड्यासाठी रडायला लागलो. खरं तर फोमसाठी नव्हतंच ते.

"मोडलं," मी म्हणालो. "त्रिशला, मी मोडलं तुमचं विमान."

ती आली. पंख उचलला, फुंकर मारून माती उडवली, दोन्ही बाजूंनी बघितला. अंग उचललं, मोटर हलवून बघितली. मग पंख पाठीवर ठेवला, रबरं ताणली, लावली. आणि ते विमान माझ्यापुढं धरलं. सगळं जागच्या जागी.

"मोडलं नाही. सुटलं," ती म्हणाली. "सुटलं म्हणूनच मोडलं नाही."

मला ते समजायला वेळ लागला. तोवर काका धापा टाकत आले.

"काय जॉबर," ते म्हणाले, "आमच्या मागाची फणी का सैल असते हो?"

हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फणी म्हणजे मागातली ती कंगव्यासारखी पट्टी, जिच्या दातांतून सुतं येतात; धोटा म्हणजे त्या सुतांमधून आडवं सूत घेऊन पळणारा लाकडी तुकडा. मी डोळे पुसत घडाघडा म्हणून टाकलं, "धोटा सुतांच्या मधेच अडकला तर फणीनं मागं सरकावं म्हणून. ती घट्ट असली तर धोट्याला दाबून सगळी सुतं तोडून टाकील. म्हणून लूज रीडची फणी कधी आवळायची नसते, नवीन पोरं आवळतात आणि मग…"

आणि मग मी थांबलो. माझं बोलणं माझ्याच कानांवर आलं. नवीन पोरं आवळतात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना हे सांगत आलो होतो, त्यावरून पोरांना शिव्या घातल्या होत्या.

काकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि माझी चप्पल आणून दिली.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. आई. तिचा आवाज फोनला गरजच नसल्यासारखा, तिघांनाही ऐकू येईल असा.

"काय रं? उडालं का? बोललास का? पक्कं झालं न्हवं?"

मी त्रिशलाकडं बघितलं. ती खाली मान घालून रबरांची पिशवी बांधत होती. तिचा हात थांबला होता.

"नाही आई," मी म्हणालो. "पक्कं काही करायचं नाही. राहू दे अजून सैल."

"आँ? काय सैल? कुणाचं सैल?"

"माझंच," म्हणालो आणि फोन बंद केला.

त्रिशलानं मान वर केली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी येताना रबरं आणा. जाड. ही उन्हानं कुजतात."

मी रबरं आणली. त्याच्या पुढच्या रविवारीही आणली. उन्हाळा त्या माळावर गेला. याद्यांचं नाव मी काढलं नाही आणि 'काका' म्हणताना जीभ चावून म्हणायला लागलो. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं, मग परत सुरू केलं, मग परत टाकलं. रात्री पडल्या पडल्या मला वाटायचं, उद्या ती नाही म्हणाली तर? पण काडी सोडायची, हे मी शिकत होतो. विमान अजून पाडायचो. ती उचलून आणायची. आम्ही बोलायचो, तिच्या शाळेबद्दल, तिच्या आईबद्दल, जी ती लहान असताना गेली, माझ्या मागांबद्दल. माणूस कळत होता, दोन्हीकडून.

दिवाळीनंतरचा एक रविवार. मी बांधावर बसून पंखाला रबर लावत होतो. ती उसाच्या कडेला उभी राहून वारा बघत होती. आदगोंडा काका गाडीजवळ शेंगा खात होते. तिकडं बघत, अगदी सहज, ती म्हणाली,

"अहो, मामांना सांगा ना, दुसरी बॅटरी गाडीत राहिलीय."

मी इकडं तिकडं बघितलं. "कुणाला?"

"मामांना," ती म्हणाली. मागं वळली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. "तुमच्या."

माझ्या हातातलं रबर तुटलं आणि फटकन माझ्याच नाकावर बसलं.